पोरीच्या वाटणीचं

१४ जाने. ९८, मुरबाड

संक्रांत. ड्यूटी दुपारीच सुटली. डेपोत तिळगूळ वाटला, एकेक वडी, दगडासारखी. येताना स्टँडबाहेर पावशेर गोडी शेव घेतली. म्हशाच्या जत्रेला आलेले दोन-तीन हलवाई अजून इथंच पथारी टाकून आहेत. गुळाचा पाक नेमका चढलाय, आल्याचा ठसका. अर्धी तिथंच उभ्यानं संपवली. उरलेली खोलीवर आणून ताटलीत काढली आणि ताटलीकडं बघत बसलो. एकट्या माणसानं ताटली घेऊ नये. कागदातूनच खावं.

संध्याकाळी बूथवरून गावी फोन. बायकोला, शालनला, वाण्याच्या दुकानात बोलावून आणेपर्यंत मीटर पळतो. आली. म्हणाली, हुरडा सुरू झालाय, या की. म्हटलं, रजा नाही, तूच ये इकडं, कायमची.

आईची अडचण राहिलेली नाही, आईजवळ धाकटा भाऊ-भावजय आहेत. कारण एकच. आमची मुलगी मळ्यात लिंबाखाली आहे. जन्मल्यावर आठवड्यात गेली. बारसं व्हायचं होतं, नाव ठेवायचं राहिलं. सहा वर्षं होतील. शा. रोज तिन्हीसांजेला तिथं दिवा ठेवून येते. "तिला एकटीला टाकून कशी येऊ?" दर वेळी हेच. शा. पोरीजवळ आहे म्हणून मी इथं चार वर्षं एकटा. हे तिला बोलून दाखवता येत नाही, म्हणून इथं लिहिलं.

२२ जाने., आंबेखोर

वस्तीची ड्यूटी लागली. किन्हवलीच्या पुढं डोंगराशी रस्ता संपतो, तिथं गाडी मुक्कामाला, सकाळी पहिल्या फेरीला परत. मी कंडक्टर, ड्रायव्हर भोईर, भिवंडीकडचा आगरी. मासे नसतील तर तो जेवणाला जेवण म्हणत नाही.

इथला रिवाज: वस्तीच्या गाडीवाल्यांचं जेवण गावावर, घरटी पाळी. पैशाचं नाव काढलं तर रागावतात. आज सोमीबाईची पाळी. म्हातारी, घरात मुलगा-सून. तांदळाची भाकरी (तांदळाची! सांगोल्याकडं सांगितलं तर लोक हसतील), वालाचं कालवण, निखाऱ्यावर भाजलेला बोंबील. चार भाकऱ्या खाल्ल्या. पाचवी ती न विचारताच वाढून गेली.

वाढता वाढता म्हणाली, "मास्तर, पोराबाळा किती रं तुला?"

याला "नाहीत" हे उत्तर ठरलेलं आहे. मग समोरचं माणूस हळहळतं, देवाचं नाव घेतं, कुठला तरी वैद्य सांगतं. भाकरी गरम होती, कालवणात लसूण बरोबर पडला होता. मला ते सगळं नको होतं. म्हटलं, "एक मुलगी. सहा वर्षांची."

"नाव काय तिचा?"

"रेणू."

कुठून आलं कुणास ठाऊक. भोईरला माझं सगळं माहीत आहे. त्यानं मान वर केली नाही, बोंबलाचं डोकं चावत राहिला. गाडीत सीटवर पथारी टाकल्यावर एवढंच म्हणाला, "झोप आता, मास्तर."

२३ जाने.

सकाळी गाडी सुटताना सोमीबाई लगबगीनं आली. पळसाच्या पानात पुडी. "तुज्या पोरीला." मोहाची सुकी फुलं भाजून, तिळाबरोबर कुटून केलेले लाडू, सुपारीएवढे. किन्हवली स्टँडवर चहाबरोबर दोन खाल्ले. मनुकांसारखी चव, मागून उग्र वास. झकास लागतात. आणि झकास लागले याची लाज वाटली. चार उरलेत.

१० फेब्रु.

आंबेखोरात बातमी घरोघर झालीय. आता पाळी कुणाचीही असो, सकाळी एक पुडी येतेच. मागल्या वस्तीला चिंचेचे गोळे, मीठ-गूळ लावून. त्याच्या आधी बोरं. आज उकडलेले करांदे, हे रानातले कंद, आमच्याकडं नावही नाही. कडवट असतात, पण मिठाशी खाल्ले की हात थांबत नाही.

विचारतात पण. रेणू कितवीत आहे? पहिलीत. गोरी का सावळी? आईवर गेलीय. खोकला आहे म्हणत होतास, बरा झाला का? मी कधी म्हणालो होतो? पण झाला बरा म्हटलं, त्यांना बरं वाटलं.

इथं खोटं कशाला लिहू, मजा येते. स्टँडवर पुडी सोडताना वाटतं खरंच कुणाच्या तरी वाटणीचं आपण चोरून खातोय. बापानं पोरीच्या खाऊतलं थोडं खाल्लं तर काय बिघडलं.

८ मार्च, शहापूर

सुट्टी. उगाच शहापूरला गेलो. स्टँडजवळच्या हॉटेलात मिसळ, कट जहाल, वर दह्याची वाटी. मग समोरच्या मिठाईवाल्याकडं गरम जिलबी. पोऱ्यानं विचारलं, "एकच प्लेट?" एकच बाबा. बाकड्यावर समोर एक नवरा-बायको बसले होते. तिनं तिच्या जिलबीचा शेवटचा वेढा न बोलता त्याच्या प्लेटमध्ये ठेवला, त्यानंही न बोलता खाल्ला. जिलबी चांगली होती, पण माझी अर्धी राहिली.

१९ एप्रिल

भोईरच्या मेव्हण्याकडं तानशाला. तलावातला मासा, आगरी मसाला, तिखटानं कान गरम. भोईरची बायको आग्रह करून वाढत होती नि भोईर तिला ओरडत होता, त्याला मरू देशील का. सगळे हसत होते, मीपण. येताना रस्त्यावर करवंदं घेतली, पानाच्या द्रोणात. अजून आंबट आहेत. गाडीत बसल्यावर रडायला आलं, करवंदांवर ढकललं.

२० मे

फोन. शा. येतेय! आठ-दहा दिवसांसाठी. धाकटा भाऊ कल्याणपर्यंत आणून सोडेल. मी म्हटलं, दिव्याचं काय? म्हणाली, जाऊ लावीन म्हणते. म्हणजे हे ती मनाशी कधीचं योजत असणार.

आनंदानं स्टँडवर दोन प्लेट भजी खाल्ली. दुसरी प्लेट संपताना आंबेखोर आठवलं.

२१ मे

भोईर म्हणाला, "तिला वस्तीला नेव नको. आणि न्यायची असल तर आधी सांग." सोपं आहे म्हणे. काय सांगू? तुझ्या पोरीला मी नाव ठेवलं, शाळेत घातलं, तिचा खोकला बरा केला, आणि तिचा खाऊ मी खातो?

३१ मे

कल्याणहून घेऊन आलो. वाळलीय. पिशवीत कडक भाकऱ्यांची चवड, शेंगाचटणी, दह्यातली वाळवलेली मिरची. आल्या आल्या भाकरी फोडून चटणी-तेल घेऊन दिलं मला. मी खात होतो, ती खोली बघत होती. भांडी किती आहेत ते मोजलं असावं. एक ताट, एक वाटी, एक तांब्या. संध्याकाळी आम्ही बाजारात जाऊन दुसरं ताट आणलं.

तिन्हीसांजेला ती दारात जाऊन उभी राहिली. तिला तिथं काय करावं कळेना. मला पण.

५ जून

आज फजिती. बाजारात शेवळं आली, मातीतून निघालेले मोड, जांभळट. इथली माणसं वर्षभर यांची वाट बघतात, गेल्या वर्षी एका घरी खाल्ली होती, मटणाच्या तोंडात मारतील. म्हटलं शा.ला आपल्या हातानं करून घालावी. विकणाऱ्या बाईनं जुडीबरोबर मूठभर हिरवी फळंही टाकली. मला वाटलं, भाजीवाली कोथिंबीर देते तशी वरची. ती तशीच फळीवर ठेवली. शेवळं चिरली, कांदा-खोबऱ्याचं वाटण, सुकट, सगळं मनापासून. पहिल्या घासाला शा. थांबली. दुसऱ्या घासाला मी. घशात कुसळं घुसल्यासारखी खाज. जीभ सुजायला लागली. शेजारच्या काकू धावल्या. "अवो, काकडा घातली नाय? ती फला घातल्याशिवाय शेवल कुनी खातं?" त्या फळांच्या आंबटानंच म्हणे खाज मरते. चिंच चोखायला दिली, वर गूळ.

दोघं चिंच चोखत बसलो, डोळ्यांत पाणी. शा. म्हणाली, "एवढ्या लांबून बोलावून विष घातलंत होय?" आणि हसायला लागली. घसा धरून हसली. किती वर्षांनी ऐकलं ते हसणं. मी आणखी एक शेवळ खायला तयार होतो.

काकूंनी उरलेल्या भाजीत फळांचा रस घालून परत शिजवून दिली. रात्रीच्या भाताशी दोघांनी संपवली. शा.नं वाटी पुसून खाल्ली.

७ जून, आंबेखोर

तिनंच हट्ट धरला. "फोनवर सारखं आंबेखोर, आंबेखोर. मला बघायचंय." नको म्हणायला कारण सापडेना. सांगायला तोंड उघडेना. मुरबाड ते किन्हवली तोंड उघडत होतो नि तिकिटं फाडत होतो.

पाळी नेमकी सोमीबाईची. अंगणात सगळ्या बाया गोळा. शा.ला हाताला धरून आत नेलं, चुलीपाशी. आम्ही पुरुष ओट्यावर. नाचणीची भाकरी, चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं, कालवण, आंब्याचा रस. भोईर चिंबोरीच्या नांग्या फोडत होता, त्याच्याशिवाय कशाचा आवाज नाही. मग आतून ऐकू आलं.

"पोरीला नाय आनलीस गो?"

माझा घास हातात. भोईरच्या नांग्या थांबल्या.

शा.चा आवाज आला, अगदी साधा. "नाही. तिच्या आजीजवळ आहे. शाळा सुरू व्हायचीय ना."

"व्हय व्हय. शाला बुडवू नये."

मग आत भांड्यांचे आवाज. मी ती भाकरी कशी संपवली माहीत नाही. आंब्याचा रस तसाच ठेवला, तो भोईरनं खाल्ला. झोपायला शा. सोमीबाईकडंच, मी गाडीत.

८ जून

सकाळी ती गाडीत चढली तेव्हा हातात पुडी. माझ्या मागच्या सीटवर खिडकीशी. गाडीत बाजाराची माणसं, कोंबड्या. तिकिटं संपवून तिच्या शेजारी बसलो. काही वेळानं बाहेर बघतच म्हणाली,

"नाव काय सांगितलंत?"

"रेणू."

किन्हवली आली. स्टँडवर भोईर चहा पाजायला उतरवत होता, उतरली नाही. मी चहा खिडकीतून दिला. बशीत ओतून प्यायली. बशी परत देताना म्हणाली, "मी दुसरं ठेवलं होतं. मनात."

कोणतं, ते विचारायचं धाडस झालं नाही. तिनंही सांगितलं नाही.

पुडीत जांभळं होती. खोलीवर आल्यावर तिनं दोन ताटांत सारखी वाटली. मग माझ्या ताटातून चार उचलली, तिच्या ताटातून चार, आणि ती मधे ठेवली. आम्ही आपापली खाल्ली. मधली तशीच राहिली. संध्याकाळपर्यंत ती मऊ पडून फुटली होती, काकूंच्या कोंबडीला घातली.

११ जून

गेली. कल्याणला भावाच्या हवाली. विचारलं, परत कधी? "बघू." रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "तुम्ही तिचं खाता, ते बरंच आहे. कुणीतरी खातंय." अजून कळत नाही हे दूषण होतं की काय होतं.

दुसरं ताट खोलीवर आहे. उपडं ठेवलंय.

१८ जुलै

आंबेखोरची वस्ती बंद, मोरीवरून पाणी. चार महिने कल्याण फेऱ्या. डेपोच्या कँटीनचा वडा. टाकळा, कुर्डू, कोवळ्या बांबूची वास्त्याची भाजी, सगळं बाजारात येऊन जातंय. घेत नाही. एकदा कंटोळी घेतली, तव्यावर परतली, चांगली झाली. शेजारी देऊन टाकली.

९ ऑगस्ट

फोन. पाऊसपाणी, आईचा गुडघा, भावजयीला दिवस गेलेत. "जेवता ना?" "जेवतो." संपलं.

३० ऑगस्ट

राखी पुनवेचा नारळीभात काकू माझ्यासाठी ठेवायला विसरल्या होत्या, म्हणून आज मुद्दाम पुन्हा केला. म्हणाल्या, "तुमचं तोंड बघवत नाय." चांगला झाला होता. लवंग जास्त.

१ ऑक्टो., आंबेखोर

रस्ता उघडला. वस्ती पुन्हा सुरू. येताना ठरवून आलो होतो, या खेपेला खरं सांगून टाकायचं. पोरीच्या नावावर फुकटचं खाणं पुरे झालं.

सोमीबाईकडं आज नवं. नवा भात घरात आला की आधी देवाला, मग गेलेल्यांना, मग माणसांना. तोवर कुणी दाणाही तोंडात टाकत नाही. आम्ही ओट्यावर ताटकळत. भोईर भुकेनं कुरकुरत होता. मला तिनं आत बोलावलं. भिंतीशी पळसाची पानं मांडली होती, प्रत्येकावर नव्या तांदळाच्या भाताची मूद, गूळ. "ह्यो माजा दादला. ही सासू. ह्यो थोरला पोर, झाडावरना पडला." मग शेवटी एक लहान पान मांडलं, त्यावर लहानशी मूद ठेवली आणि माझ्याकडं बघितलं.

"ह्या तुज्या पोरीचा."

मी उभाच. म्हटलं, "आजी, मी तुम्हाला खोटं..."

"तुजी बायको तवाच बोल्ली माला. बाया गेल्यावर, चुलीपाशी. मंग रडली." गूळ चिमटीत धरून पानावर ठेवत होती. "खोटा कसला रं? पोर झाली ती झाली. गेली म्हून काय मोजायची नाय?"

म्हटलं, "ती तिकडं आहे. आमच्या मळ्यात. इथं कशी..."

"घास ठेवशील तिथं येतात ती. रस्ता बघून नाय येत, वासावर येतात."

मग मला तिथंच बसवलं आणि वाढलं. नवा भात, नुसता, वर तुपाची धार नि गूळ. असा सुवास मी जन्मात घेतला नव्हता. जेवता जेवता रडलो. सुनेनं भाताचं भांडं पुढं सरकवून ठेवलं आणि ती बाहेर गेली. भोईर बाहेरून ओरडत होता, "अवो, आमी मानसा हाव का नाय?"

२ ऑक्टो.

सकाळी पुडी. नव्या भाताचे पोहे कांडून गुळात वळलेला लाडू, एकच, मोठा. मी हात पुढं केला तर तिनं पुडी मागं घेतली. "तुला नाय. तिच्या आयसला. तिनं तिच्या हातानं घास ठेवला पायजे. तू खाशील, ठाव हाय माला."

किन्हवलीला भोईरनं नुसता चहा घेतला नि पुडीकडं बघून म्हणाला, "वास मस्त हाय." मी पिशवीची गाठ आवळली.

संध्याकाळी बूथ. सगळं सांगितलं. पानं, मूद, म्हातारी काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत. वासावर येतात, हेही. मागं कुणी उभा होता, त्याला ऐकू जात होतं, जाऊ दे म्हटलं. तिकडून नुसती वाण्याच्या दुकानातली रॉकेलच्या पंपाची कुरकुर ऐकू येत होती, गिऱ्हाईक भांडत होतं. मला वाटलं, फोन ठेवून गेली.

मग म्हणाली, "पोह्यांचा म्हणालात ना? किती दिवस टिकतो तो?"

म्हटलं, आपल्याकडं कुठं भात, मला काय ठाऊक. विचारून सांगतो.

"विचारा," म्हणाली. "नीट विचारा."

पुढची वस्ती सोमवारी. लाडू डब्यात ठेवलाय, डबा परातीत पाणी घालून त्यात, मुंग्या फार आहेत खोलीत.